ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट : काढून फेकू नका, पारखून बसवा

गळीत हंगाम सुरू झाला की डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे चारच्या सुमाराला कारखान्याच्या गाडीतळावर जाऊन उभे राहावे. अंगावर घोंगडे असले तरी दात वाजतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग काट्यापासून थेट रस्त्यापर्यंत गेलेली असते. रांग दहा हात पुढे सरकली की एकेक ट्रॅक्टर सुरू होतो, पांढऱ्या धुराचा लोट सोडतो, दहा हात पुढे जातो आणि पुन्हा उभा राहतो. जरा लक्ष देऊन पाहिले तर काही ट्रॅक्टरांचा धूर थोड्या वेळात निवळतो. काहींचा मात्र तासभर तसाच निघत राहतो, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. अशा ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला विचारावे, "बाबा, आत थर्मोस्टॅट हाय का न्हाई?" बहुतेक वेळा एकच उत्तर येते, "त्यो कवाच काढून टाकलाय. इंजिन कसं गार राहतंय!"

त्याचे म्हणणे खरे आहे. इंजिन गारच राहते, आणि दुखणे नेमके तेच आहे.

सभासद बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांनी ऊस वाहतुकीसाठी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले आहेत. हप्ता उसाच्या बिलातून नाहीतर वाहतुकीच्या बिलातून जातो. ट्रॅक्टर पंधरा दिवस उभा राहिला तर नुसते दुरुस्तीचे बिल येत नाही. उचल घेतलेली टोळी फडात बसून राहते, तोडणीचा नंबर हुकतो आणि तुटलेला ऊस बांधावर वाळतो. हे सगळे टाळणाऱ्या ज्या दोन-चार स्वस्त गोष्टी आहेत, त्यांत काही शे रुपयांना मिळणारी ही पितळी वस्तू बरीच वर बसते. आणि आपण तीच पहिल्यांदा काढून फेकतो.

माझ्याच ट्रॅक्टरची गोष्ट सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये, हंगामाच्या शेवटी शेवटी, माझे इंजिन उकळायला लागले. दोन ट्रॉल्या जोडून चढ चढला की काटा तांबड्यात. गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने वरचा होज काढला, आतला थर्मोस्टॅट पक्कडीने उपसून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आण्णा, ही निव्वळ अडगळ हाय. थंड मुलखातल्या गाड्यांना लागतंय हे. आपल्याकडं काय बर्फ पडतोय का?" मला पटले. त्याच दिवशी त्याच्या पोराने रेडिएटरची जाळी पाणी मारून धुतली. पाचटाची कुसं आणि धुळीचा इतका थर निघाला की खाली चिखल झाला. दुसऱ्या दिवसापासून इंजिन उकळायचे बंद झाले. श्रेय गेले थर्मोस्टॅट काढण्याला. काम केले होते जाळी धुण्याने. हे मला कळायला पुढे तीन हिवाळे लागले.

थर्मोस्टॅट काय करतो ते आधी पाहू. इंजिनाच्या हेडमधून तापलेले पाणी वरच्या होजने रेडिएटरकडे जाते. त्या वाटेच्या तोंडाशी हा बसलेला असतो. पाटाच्या दारावर पाटकरी असतो ना, तसा. पाणी थंड असेल तर दार बंद. मग पाणी रेडिएटरला न जाता बायपासच्या लहान वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरल्या अंशाला पाणी आले की दार किलकिले होते, आणि जसजशी उष्णता वाढेल तसतसे उघडत जाते. आत वीज नाही, तार नाही. एका पितळी डबीत मेण भरलेले असते. त्यात उष्णता लवकर पसरावी म्हणून तांब्याची पूड मिसळतात. मेण वितळताना फुगते आणि दांडीला रेटते, की दार उघडते. पाणी निवले की मेण आक्रसते आणि स्प्रिंग दार ओढून घेते. मेणाची ही युक्ती अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट याने १९३० च्या दशकात काढली. त्याआधी लवकर वाफ होणारा द्रव भरलेली घडीची डबी वापरत. ती नाजूक असे आणि रेडिएटरवर दाब आला की तिचे गणित चुके. मेणाच्या डबीला दाबाचे काही वाटत नाही, म्हणून ती अजून टिकून आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. थर्मोस्टॅट इंजिनाला थंड करत नाही. तो इंजिनाला थंड राहू देत नाही. कमीत कमी किती अंशांवर चालायचे ते तो ठरवतो. जास्तीत जास्त किती तापायचे ते रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप आणि आपण मागे जोडलेला बोजा हे ठरवतात. एप्रिलच्या दुपारी भरल्या ट्रॉल्या ओढताना पाणी ९५ अंशांवर गेलेले असते, तेव्हा ८२ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असतो आणि ७१ चाही पूर्ण उघडलेला असतो. दार सताड उघडे असताना ते कितव्या अंशाला उघडले होते याला काही अर्थ उरत नाही. म्हणून "उन्हाळ्यासाठी कमी नंबरचा द्या" असे दुकानात सांगणाऱ्याला उन्हाळ्यात काही मिळत नाही, आणि हिवाळ्यात मात्र त्याचे इंजिन गारठते.

बरे, काढून टाकला तर निदान उन्हाळ्यात तरी फायदा? तोही खात्रीचा नाही. पुष्कळ इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरचे दार उघडत जाते तशी ही खालची चकती बायपासची वाट बंद करत जाते, म्हणजे सगळे गरम पाणी रेडिएटरला जायलाच हवे. अशा इंजिनातला थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा मोकळा. मग गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो. अशी गाडी हिवाळ्यात तापत नाही आणि उन्हाळ्यात उकळते, दोन्हीकडून मार. काही मिस्त्री सांगतात की थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरमधून इतके जोरात पळते की त्याला निवायला वेळच मिळत नाही. हे ऐकायला बरे वाटते, पण कारण ते नव्हे. जोरात फिरणारे पाणी पुन्हा पुन्हा रेडिएटरला येतच असते. खरा घोळ उघड्या राहिलेल्या बायपासचा असतो.

गार इंजिनाने काय बिघडते, हे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते डोळ्यांना लवकर दिसत नाही. उकळणारे इंजिन बोंब मारते. गार इंजिन मुकाट्याने झिजते.

डिझेल जळायला दाबलेल्या हवेची उष्णता लागते. लायनरच्या भिंती थंड असल्या की ती उष्णता भिंतीतच जिरते आणि डिझेल अर्धवट जळते. तोच तो पांढरा, झोंबणारा धूर. न जळलेले डिझेल लायनरच्या भिंतीवरून खाली ओघळते आणि जाताना तिथला ऑईलचा पातळ थर धुऊन नेते. रिंगा कोरड्या लोखंडावर घासतात. ओघळलेले डिझेल चेंबरमधल्या ऑईलात मिसळते आणि ऑईल पातळ होते. डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर "आमची गाडी ऑईल खात नाही" म्हणून खूश होऊ नये. ती डिझेल पाजते आहे.

दुसरे पाण्याचे. पुष्कळांना खरे वाटणार नाही, पण एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेले असेल तर ती ब्रीदरमधून बाहेर पडते. गार असेल तर गुऱ्हाळावर पहाटे पत्र्याला आतून जसे थेंब धरतात तशी ती आतल्या भिंतींवर धरते आणि ऑईलात मिसळते. ऑईल टाकायच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय दिसते ती हीच. याच पाण्यात जळालेल्या डिझेलमधले गंधक मिसळले की आम्ल बनते आणि लायनर गंजत झिजतो. पूर्वी डिझेलात गंधक फार असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात ते दहा लाखांत दहा भाग इतकेच असते, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे. पण धुऊन गेलेला ऑईलचा थर आणि चेंबरमधला चिकट गाळ, हे दोन्ही जसेच्या तसे आहेत.

आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचे काम असे की त्याला हे सगळे जास्त बाधते. नांगरटीचा ट्रॅक्टर एकदा जुंपला की तासन्‌तास जोरावर चालतो, आपोआप तापतो. आपला ट्रॅक्टर मात्र फडात सरीतून हळूहळू सरकत भरतो, मग अर्धा-पाऊण तास रस्ता, मग गाडीतळावर रात्रभर सुरू-बंद, सुरू-बंद. पहाटे दहा-बारा अंशांच्या गारठ्यात थर्मोस्टॅट नसलेले इंजिन नुसते फटफटत ठेवले तर ते तापतच नाही. थांबला असाल आणि रांग हलत नसेल तर बंद करावे, हे खरे. पण बंद करून पुन्हा सुरू केलेले इंजिन लवकर तापायला आत थर्मोस्टॅट लागतोच. काही हुशार ड्रायव्हर रेडिएटरपुढे बारदान लावतात. ते चालते, पण दुपारी काढायचे विसरतात, आणि मग "थर्मोस्टॅट नसूनसुद्धा उकळला बघा" म्हणून सांगत फिरतात.

माझे इंजिन डिसेंबर २०२० मध्ये बसले. आधीच्या हिवाळ्यापासून ते सकाळी सुरू व्हायला कुरकुर करत होते, चढाला मान टाकत होते. डिझेलही जास्त लागते असे पोरगा म्हणत होता. मी त्याच्यावरच संशय घेतला होता. हेड उतरवले तेव्हा लायनरला वरच्या बाजूला बोटाला लागेल अशी कड आली होती. चेंबरमध्ये काळा चिखल. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंगे असा पाच आकडी खर्च झाला. तो एकवेळ सोसला असता, पण सतरा दिवस गाडी उभी राहिली आणि तोडणीची टोळी माझ्या फडात बसून. त्यांच्या पोटाचे काय? ते दिवस मी विसरत नाही. मिस्त्रीला दोष देऊन काय उपयोग, हो म्हणालो होतो मीच.

तेव्हा आपल्या गाडीत काय चालले आहे ते कसे ओळखावे?

सकाळी गार इंजिन सुरू करावे आणि वरच्या होजवर हात ठेवावा. पंख्यापासून हात आणि धोतर-टॉवेलाचे टोक सांभाळून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर बराच वेळ होज गार राहतो. मग पाणी ठरल्या अंशाला आले की थोड्याच वेळात तो एकदम गरम लागतो. सुरू केल्यापासूनच होज हळूहळू कोमट होत राहिला आणि काटा वर चढेचना, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा आत नाहीच. उलट काटा तांबड्याकडे निघाला आणि वरचा होज मात्र अजून गार, तर तो बंद अडकला आहे. इंजिन तिथेच थांबवावे. झाकणाखालची साय हीही खूण आहे, पण सायीबरोबर रेडिएटरचे पाणीही रोज कमी होत असेल तर ते हेड गॅस्केटचे काम असू शकते, त्याला थर्मोस्टॅट बदलून उपाय नाही. आणि गाडी उकळते म्हणून थर्मोस्टॅटवर आळ घेण्याआधी जाळी धुवा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचे, पुढून मारले तर पाचट आणखी आत बसते. पंख्याचा पट्टा बघा. रेडिएटरच्या झाकणाचे रबर बघा. ०.९ चे झाकण धड असेल तर पाणी ११५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण गेले की तेच पाणी आपल्या भागात शंभराच्याही खाली उकळते.

थर्मोस्टॅट बाहेर काढला की घरच्या चुलीवर त्याची परीक्षा घेता येते. पातेल्यात पाणी घ्यावे. थर्मोस्टॅटच्या दाराच्या फटीत एक मजबूत दोरा अडकवून तो पाण्यात असा लोंबता सोडावा की बुडाला टेकणार नाही. दूध डेअरीत असतो तसा शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर पाण्यात धरावा. तापाचा थर्मामीटर घालू नये, फुटेल आणि घरात बोलणी खावी लागतील. पाणी ढवळत हळूहळू तापवावे. दार उघडले की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या वेळचा आकडा आणि अंगावर छापलेला आकडा यांत दोन-तीन अंशांचा फरक चालतो, जास्त नको. पुढे तापवत गेले की दार आठ-दहा मिलिमीटर वर उचलले पाहिजे. इथे एक ध्यानात ठेवा. पूर्ण उघडायला छापील आकड्याच्या वर दहा-पंधरा अंश लागतात. आपला दख्खनचा माळ समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच, इथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेव्हा ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडला नाही म्हणून तो बाद करू नका. बाहेर काढून निवला की दार घट्ट मिटले पाहिजे. उजेडाकडे धरून फट दिसली तर तो गेला.

नवा घेताना जुना बरोबर न्यावा. आकडा बघायचा, चकतीचा घेर बघायचा, आणि खालची बायपासची दुसरी चकती आहे की नाही ते बघायचे. ट्रॅक्टरांत हा आकडा बहुधा ७१ ते ८८ च्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो असेल तोच घ्या. कंपनीने इंजिन त्या अंशाला धरून बांधलेले असते. कमी नको, तसा "जास्त तापलं की जास्त ओढतंय" म्हणून वरचाही नको. दोन चकत्यांच्या जागी एका चकतीचा बसवला तर घेर बरोबर बसतो, दुकानदारही देतो, आणि बायपासची भानगड पुन्हा सुरू होते. शक्य तर कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून घ्यावा, आणि घरी आणून बसवण्यापूर्वी नवासुद्धा पातेल्यात घालून बघावा. नवा आहे म्हणजे चांगलाच असेल असे नाही. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. या गाड्यांत डिझेल किती सोडायचे ते पाण्याची उष्णता मोजून यंत्रच ठरवते. तिथे थर्मोस्टॅट काढला तर यंत्राला इंजिन कायम गारठलेलेच वाटते आणि ते त्या हिशोबाने डिझेल सोडत राहते. आयशरच्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांना पाणीच नाही, तेव्हा हे सगळे त्यांना लागू नाही.

बसवायचे काम तासाभराचे आहे. इंजिन पूर्ण निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडून भाजून घेतलेले हात प्रत्येक गावात एक-दोन असतात. खालच्या तोटीने पाणी स्वच्छ बादलीत काढावे. त्यात हिरवे कूलंट असेल तर बादली झाकून ठेवा. ते गोड लागते आणि विषारी असते, कुत्रे किंवा वासरू चाटून मरते. वरच्या होजजवळच्या टोपीचे दोन-तीन बोल्ट काढले की आत थर्मोस्टॅट दिसतो. तो कुठल्या बाजूने बसला होता ते नीट बघून ठेवावे. मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला असली पाहिजे. उलटा बसला तर डबीला रेडिएटरकडचे गार पाणी लागत राहते, दार उघडत नाही आणि गाडी पहिल्याच चढाला उकळते. चकतीला हवा जायला लहानसे भोक, कधी त्यात हलणारी घुंडी असते. ते वरच्या अंगाला ठेवावे. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून काढावेत, नवे गॅस्केट टाकावे, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट आधी करकचून आवळला तर टोपी तडकते.

पाणी भरताना बोअरचे मचूळ पाणी नको. आपल्या भागातल्या पाण्याने चहाच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या दारावर धरतो, आणि दार अडकते. कूलंट आणि बॅटरीला घालतो ते शुद्ध पाणी पुस्तकात दिलेल्या प्रमाणात घालावे. ते जमलेच नाही तर निदान पावसाचे, स्वच्छ धरलेले पाणी. हळूहळू भरावे. झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करावे आणि वरचा होज गरम होईपर्यंत थांबावे. दार उघडले की रेडिएटरमधली पातळी एकदम खाली जाते आणि दोन-चार बुडबुडे येतात. मग पुन्हा वरपर्यंत भरायचे, झाकण लावायचे आणि संध्याकाळी इंजिन निवल्यावर पातळी एकदा परत बघायची.